बिघडवलेल्या फोटोची पद्धतही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या छायाचित्रांमध्ये हल्ली रंग सटकलेले, आडव्या पट्ट्यांनी फाटलेले फोटो ‘ग्लिच’ म्हणून येतात. त्यातले बरेचसे अ‍ॅपमधला तयार नमुना वरून चिकटवलेले असतात. तोच लाल-निळा सटका, त्याच जागी, दहा फोटोंवर. हौसेला मोल नाही हे मान्य. पण फाइल खरोखर बिघडवण्यात जी मजा आहे ती त्यात नाही, आणि तिला घरचा साधा संगणक पुरतो. फोटोखाली कॅमेऱ्याचे नाव देता, तशी एका ओळीत पद्धतही द्यावी, एवढीच विनंती. त्या ओळीत काय काय मावते ते पाहा.

जेपेगपासून सुरुवात सोपी. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रत काढायची. कॅमेऱ्यातली फाइल थेट हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणारे सॉफ्टवेअर) उघडणारे इथेच फसतात, कारण सुरुवातीच्या भागात कॅमेऱ्याची माहिती आणि एक चिमुकला थंबनेल असतो. तिथले आकडे बदलले की थंबनेल बिघडतो आणि फोटो जसाच्या तसा राहतो. म्हणून आधी गिंप या फोटो-संपादनाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फोटो १५०० पिक्सेल रुंद करून पुन्हा जेपेग काढावा. एक्झिफ (कॅमेऱ्याची माहिती), थंबनेल आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ (टप्प्याटप्प्याने उघडणारे चित्र) या तिन्ही खुणा काढून. मग एचएक्सडीसारख्या फुकट एडिटरमध्ये ‘एफएफ डीए’ ही जोडी शोधायची. तिच्यापुढचे वीसेक बाइट सोडले की खरे चित्र सुरू होते. तिथून पुढे एक-दोन बाइट बदलायचे, बस. नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करण्याच्या भानगडीत पडू नये, बहुधा फाइलच उघडत नाही.

एका बाइटने खालचा सगळा फोटो का सटकतो? जेपेगमध्ये चित्र ८×८ च्या चौकोनांत साठवतात आणि प्रत्येक चौकोनाचे सरासरी तेज आधीच्या चौकोनाशी असलेल्या फरकाने लिहितात. वाण्याच्या वहीत ‘मागील बाकी’ एकदा चुकली की पुढची सगळी पाने चुकतात, तसेच हे. शिवाय संकेत कमी-जास्त लांबीचे असल्याने चौकोनांची मोजणी चुकते आणि चित्र आडवे सरकते. फाइलच्या पहिल्या दहाव्या हिश्शात बदल केला तर हाती चिखल येतो. ६५ टक्क्यांच्या आसपास केला तर वरचा भाग शाबूत राहतो. महात्मा फुले मंडईच्या फोटोत हे झकास दिसते: वर मनोरा स्वच्छ, खाली भाजीचे ढीग रंगांत वितळलेले. ‘एफएफ’ मात्र लिहू नये. वाचणारे सॉफ्टवेअर त्याला आदेश समजते, आणि त्यापुढे ‘डी९’ असला तर चित्र तिथेच संपून खाली नुसता करडा रंग उरतो. नुकसान एका पट्ट्यापुरतेच हवे असेल, तर एक्स्पोर्टच्या वेळी गिंपमध्ये ‘रीस्टार्ट मार्कर’ चालू करावेत. ठरावीक ओळींनंतर हिशेब नव्याने सुरू होतो. याकडे फारसे कोणी बघत नाही, आणि आमच्या मते सगळ्यात कामाचे तेच आहे.

दुसरा मार्ग आवाजाचा. फोटो २४ बिट बीएमपी (न आवळलेले चित्र) करून ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून घ्यायचा: यू-लॉ (एका नमुन्याला एक बाइट), एक चॅनल, ४४१०० हर्ट्झ. ३०००×२००० चा फोटो म्हणजे १ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे ६ मिनिटे ४८ सेकंदांची खरखर. (ऐकायची असल्यास आवाज आधी कमी करा.) पहिला पाव सेकंद सोडायचा, फाइलचे हेडर (चित्राच्या मापाची वगैरे माहिती) तिथे असते. मधला तुकडा निवडून ‘एको’ लावायचा. एका ओळीचे ९००० बाइट, म्हणजे ०.२०४ सेकंद. एकोचा विलंब तेवढाच ठेवला तर सावली (चित्राची पुसट दुसरी प्रत) जेमतेम एका ओळीने सरकते आणि काहीच झाले नाही असे वाटते. ०.०६८ ठेवला तर ती सुमारे १००० पिक्सेल आडवी जाते. विलंबाच्या बाइटना ३ ने पूर्ण भाग गेला नाही, तर सावलीत लाल-हिरवा-निळा जागा बदलतात. हा दोष नव्हे, हेच हवे असते. बीएमपी सहसा खालून वर लिहिलेली असते, त्यामुळे आवाजाची सुरुवात म्हणजे फोटोचा तळ. लांबी बदलणारे इफेक्ट टाळावेत, ओळी तिरक्या होतात. शेवटी हेडरविना रॉ, पुन्हा यू-लॉमध्येच एक्स्पोर्ट करून नावापुढे ‘बीएमपी’ लावायचे.

कॅमेऱ्यातच अमूर्त चित्र हवे असेल, तर लॉ कॉलेज रस्त्यावरची झाडे आहेतच. भर उन्हात आयएसओ १००, एफ/११, एनडी ६४ फिल्टर (प्रकाश ६४ पटीने कमी करणारी काच) आणि १/३ सेकंद, स्टॅबिलायझर बंद. बटण दाबण्याआधीच कॅमेरा खालून वर हलू लागला पाहिजे आणि नंतरही थांबता कामा नये, नाहीतर रेघांच्या टोकाला झाडाचे भूत उमटते. फिल्टर नाही म्हणून एफ/२२ वर गेलात, तर सेन्सरवरची धूळ त्या गुळगुळीत रेघांवर ठळक ठिपके होऊन बसते.

पाठवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बिघडवलेली जेपेग प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळी दाखवते, काही तर उघडतच नाहीत. आपल्या पडद्यावर दिसते तशी ती पीएनजी करून, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, सोबत मूळ फोटो. आणि खाली ओळ छापावी ती अशी: ‘जेपेग, ६५ टक्क्यांवर २ बाइट बदलून.’

आपले,
काही हौशी छायाचित्रकार,
सदाशिव पेठ, पुणे