आजीची ऐंशी वर्षं आणि आजोबांची मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बाबांच्या पंचाहत्तरीला सगळ्या गोतावळ्यासकट मुंबईला जायचं तुझ्या मनात आहे आणि घरातली निम्मी माणसं ‘या वयात त्यांना त्या गर्दीत कशाला’ म्हणून अडून बसली आहेत, हे वाचलं. फोन करणार होतो, पण हे फोनवर सांगून होणार नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आम्ही अकरा जण मुंबईला जाऊन आलो. आजी, आई-बाबा, आत्या, आम्ही दोघं, धाकटा भाऊ आणि त्याची बायको, आत्येभाऊ, माझी नऊ वर्षांची लेक आणि भावाचं दीड वर्षाचं पोर. म्हणजे एकीकडे काठी आणि दुसरीकडे बाबागाडी. तरीही तुला ठासून सांगतो, जाच. मात्र कुठे जायचं, काय बघायचं, याची यादी तुम्ही भावंडांनी बसून करू नका. बाबांना विचारा. ते सांगतील तीच सहल.

आमच्याकडेही आधी वेगळंच चाललं होतं. आजीच्या आधार कार्डावर १ जून आहे, तिच्या वयाच्या बहुतेकांचा असतो तसा. पण ती जन्मली दत्तजयंतीला, हे तिच्या आईनं तिला सांगितलेलं. आत्याला सहस्रचंद्रदर्शन करायचं होतं. हॉल, गुरुजी, जेवणावळ, सगळं तिनं मनात मांडून ठेवलं होतं. भावाला रिसॉर्ट हवं होतं. आजी सगळ्यांचं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “सहस्रचंद्र ऐंशीवर आठ महिने भरले की करा. आत्ता मला तुमच्या आजोबांची खोली दाखवा.”

आमच्या घराचं तुला थोडंफार माहीत आहे. आजोबा लालबागला गिरणीत होते. आजी गावी. सासू-सासरे, दोन गुरं, भाताचे चार तुकडे आणि मुलं, हे सोडून तिला कधी निघताच आलं नाही. आजोबा गणपतीला आणि शिमग्याला यायचे, मे महिन्यात जमलं तर. बाकी वर्षभर यायची ती मनीऑर्डर. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन ओळी असायच्या, त्या पोस्टमन वाचून दाखवायचा. कोकणातली किती घरं अशी चालली रे! नवरा मुंबईत, बायको शेतात, आणि संसार पोस्टाच्या पिशवीतून येणारा. जिच्या चुलीवर आयुष्यभर मुंबईचा पैसा शिजला, तिनं मुंबई बघितलीच नव्हती. आणि आम्ही, तिची शिकलेली नातवंडं, तिला गेली कित्येक वर्षं पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर दाखवत होतो.

तयारीचं सांगतो, कारण तुला ते लागेल. गाडी दिवसाची घेतली आणि मुद्दाम सीएसएमटीपर्यंतची घेतली. दादर राहायला जवळ पडलं असतं, पण तिथे गाडी दोन-पाच मिनिटं थांबणार. त्यात काठी, बाबागाडी आणि अकरा माणसांचं सामान उतरवायचं म्हणजे जिवाला घोर. सीएसएमटीला गाडी संपते. आजी सगळ्यांच्या शेवटी, सावकाश, साडी नीट करून उतरली. बाहेर आल्यावर आम्ही तिला लगेच टॅक्सीत कोंबलं नाही. समोरच्या फुटपाथवर थांबून इमारत बघू दिली. १८८७ चं हे स्टेशन, फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आराखडा केलेलं, आता जागतिक वारसा. लेकीला फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ सापडले. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा, असं बाबांनी तिला सांगितलं. आजी मान वर करून घुमटाकडे बघत होती. म्हणाली, “ते सांगायचे, बोरीबंदर देवळासारखं आहे. मला वाटायचं, उगाच फुगवून सांगतात.”

राहायला दादरमध्ये दोन फ्लॅट घेतले, एकाच मजल्यावर. इथे एक गोष्ट लक्षात ठेव. ‘लिफ्ट आहे का’ एवढं विचारून भागत नाही. मुंबईत जुन्या इमारतींत लिफ्ट पाच-सहा पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते. पायऱ्या किती, कठडा आहे का, संडास कमोडचा आहे का, न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंची किती, हे सगळं विचार. आम्ही भाच्याला आधी पाठवून फोटो मागवले. व्हीलचेअरही भाड्यानं घेतली. आजीला ती पसंत नव्हती. पण फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात ठेवून दिली आणि कुणी आग्रह केला नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिनंच मागून घेतली.

वाढदिवसाच्या सकाळी आत्यानं औक्षण केलं. पणतीपासून पणतूपर्यंत सगळे पाया पडले. मग लालबाग.

आमच्या गावाच्या मंडळानं ती खोली अजून ठेवली आहे. त्या भागातल्या चाळींत अशा गावकऱ्यांच्या खोल्या पुष्कळ होत्या. गावातून मुंबईला आलेला माणूस आधी तिथे यायचा, ट्रंक ठेवायचा, महिन्याचे पैसे भरायचा आणि कामाला लागायचा. आता तिथे गावची तीन-चार तरुण मुलं राहतात, कुणी कुरिअरवर, कुणी सिक्युरिटीत. चाळीवर पुनर्विकासाचा फलक लागला आहे. जिना लाकडी आणि उभा. आम्ही खुर्चीत बसवून उचलून न्यायचं म्हणत होतो. आजीनं ऐकलं नाही. कठडा धरून, प्रत्येक वळणावर थांबून ती चढली. चाळीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या, एकीनं स्टूल आणून दिलं, दुसरीनं पाणी.

खोली बघितलीस तर कळेल. आपल्या पडवीएवढी. शेजारी एक गृहस्थ राहतात, आजोबांच्याच खात्यात होते, साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. ते येऊन बसले आणि सांगू लागले. खोलीत वीसेक माणसं. गिरणी तीन पाळ्यांत चालायची म्हणून खोलीही तीन पाळ्यांत झोपायची. रात्रपाळीचे सकाळी येऊन आडवे होणार, तेव्हा पहिल्या पाळीचे गेलेले. भिंतीला प्रत्येकाची खुंटी, खाली ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. उन्हाळ्यात गॅलरीत, नाहीतर थेट रस्त्याकडेला पथारी. आजीनं विचारलं, “त्यांची जागा कुठली?” त्यांनी खिडकीच्या डाव्या हाताची भिंत दाखवली. आजी तिथे जाऊन भिंतीला टेकून बसली. मग तिनं विचारलं, “जेवायचे कुठे?”

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही कधी पडला नव्हता. जेवायचे खाणावळीत. चाळीतल्याच एखाद्या बाईकडे, महिन्याच्या बोलीवर. पगार झाला की पैसे, तोवर उधार. गिरणगावात अशा बायका घरोघरी होत्या, आणि त्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. हे नाव मला माहीत होतं, पण माझ्या आजोबांचं ताट त्याच गोष्टीत आहे, हे मला त्या खोलीत बसल्यावर समजलं. आजीनं त्या बाईचं नाव विचारून घेतलं. ती बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजीनं हात जोडले.

मग संपाचं निघालं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. आजीला हे सगळं एवढ्यापुरतं माहीत होतं, की मनीऑर्डर बंद झाली आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी आजोबा ट्रंक घेऊन दारात उभे राहिले. ते घरी आले याचा तिला तेव्हा आनंद झाला होता. तिनं ते तिथे, सगळ्यांसमोर सांगितलं. “मला बरं वाटलं होतं रे. आणि ते ओटीवर बसून रडत होते.” बाबा इतका वेळ गॅलरीत उभे होते. ते आत आले आणि आपल्या आईच्या, म्हणजे आजीच्या, शेजारी भिंतीला टेकून बसले. बाबांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या लहानपणात वडील म्हणजे वर्षातून दोनदा येणारा पाहुणा. त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या लेकीला आजोबांबद्दल बोलत होते, मला कधीच न सांगितलेलं.

परत येताना लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये थांबलो. खरं कारण म्हणजे पोराचं डायपर आणि सगळ्यांचं स्वच्छतागृह. तिथे गिरणीची चिमणी अजून उभी आहे. आजीनं ती आपणहून ओळखली, कारण आजोबांनी गावी मुलांना पाटीवर गिरणीचं चित्र काढून दाखवलं होतं.

दुपारी सगळे झोपलो. हे फार महत्त्वाचं आहे. सकाळी एक गोष्ट, दुपारी घर, संध्याकाळी जमलं तर जरासं बाहेर. यापलीकडे काही ठरवू नकोस. आणि सगळ्यांनी सगळीकडे जायचा अट्टाहास तर मुळीच नको. बाबा आणि मुलं राणीच्या बागेत पेंग्विन बघायला गेले, तेव्हा आजी आणि आत्या घरी भाजी निवडत गप्पा मारत होत्या. राणीची बाग बुधवारी बंद असते, घारापुरीची लेणी सोमवारी. आम्ही तरुण मंडळी घारापुरीला गेलो. गेटवेहून लाँचनं तासभर, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. त्रिमुखी सदाशिवासमोर उभं राहिल्यावर वाटलं, आजी हवी होती. पण लाँचमध्ये चढ-उतार करताना मधली फट बघितली आणि तिला आणलं नाही ते बरंच झालं असं वाटलं.

तिला बोटीतून न्यायची सोय वेगळी निघाली, आणि ही युक्ती तू बाबांसाठी नक्की कर. आजोबा सुरुवातीला मुंबईला यायचे ते बोटीनं, भाऊच्या धक्क्यावर. आजी बैलगाडीनं बंदरापर्यंत पोचवायला जायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं पडावातून जायची, आणि ती किनाऱ्यावरून परत फिरायची. आता त्याच भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट जाते, २०२० पासून. गाडीसकट आत शिरता येतं, त्यामुळे हलत्या लाँचवर पाय टाकायची कसरत नाही. आम्ही मांडव्याला गेलो, चहा घेतला आणि पुढच्या बोटीनं परत आलो. मांडव्यात काही बघितलं नाही. जाताना आजी आत खुर्चीत होती. येताना म्हणाली, मला पुढे न्या. हाताला धरून, दमादमानं वर नेलं. मुंबई जवळ येत होती, आधी धूसर, मग क्रेन, मग इमारती. ती सगळा वेळ कठडा धरून उभी होती. लेकीनं विचारलं, “पणजी, काय बघतेस?” ती म्हणाली, “त्यांना पहिल्यांदा कसं दिसलं असेल ते.”

बाकीचं थोडक्यात. विजेवरच्या नव्या डबलडेकरमध्ये बसलो, मुलं वर आणि मोठी माणसं खाली. मलबार हिलला म्हातारीच्या बुटापाशी पोरानं धिंगाणा घातला. मरीन ड्राइव्हवर एक संध्याकाळ काही न करता बसलो, आणि आत्या तिथे म्हणाली की हॉल घेतला असता तर आपण सगळे पाहुण्यांच्या पानांकडे बघत बसलो असतो. आत्याकडून हे ऐकायला मला फार बरं वाटलं.

तुझे बाबा नोकरीच्या सुरुवातीला कुठल्याशा लॉजवर राहिले होते ना, गिरगावात? त्यांना विचार. ते आधी ‘काय करायचंय आता’ म्हणतील. तिथे सोडू नकोस, एक-दोन दिवसांनी परत विचार. त्यांच्या बरोबरचं कुणी अजून मुंबईत असेल तर त्यांना आधी फोन करून ठेव, कारण जागा दाखवायला नकाशा पुरतो, पण माणूस लागतोच. औषधांची पिशवी सामानात टाकू नकोस, वहिनींच्या खांद्यावर राहू दे. खर्चाचा हिशेब एकाच्याच हातात दे आणि परत आल्यावर वाटून घ्या, तिथे रोज काढू नका. डिसेंबर-जानेवारी साधता आला तर उत्तम, मे महिन्यात मात्र जाऊ नकोस.

फ्लॅटवाल्यांचा नंबर आणि व्हीलचेअर कुठे मिळाली ते वेगळं कळवतो. तारीख ठरली की लगेच सांग, कारण डिसेंबरमधल्या गाड्या लवकर भरतात. आणि चालणार असेल तर एक दिवस मीही येईन. बाबांच्या तोंडून ते गिरगाव ऐकायची माझी फार इच्छा आहे.

बाबांना आणि काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र