‘सिंगल फेज’ आणि ‘तपासलेले’: टिग मशीन परत नेण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: आपल्याकडून घेतलेले वापरलेले टिग वेल्डिंग मशीन परत नेऊन पूर्ण रक्कम परत करण्याबाबत.

महोदय,

तुमच्याकडून ३०० अँपिअरचे, एसी-डीसी, ट्रान्सफॉर्मरवाले जुने टिग मशीन (टंगस्टनच्या कांडीतून आर्क काढून आर्गॉन वायूच्या आवरणात वेल्डिंग करणारे) घेतले त्याला सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत माझ्या घरच्या वर्कशॉपमध्ये त्यावर एक इंचही वेल्डिंग झालेले नाही. फोनवर तीनदा सांगून झाले, ईमेल पाच झाले. दर वेळी समोर नवी व्यक्ती, आणि दर वेळी माझी कहाणी पहिल्यापासून. म्हणून आता सगळे एकदाच लिहून देतो.

मशीन जुने आहे ही माझी तक्रार नाही. मला जुनेच हवे होते. एका हाताने उचलता येईल असे इन्व्हर्टर प्रकारचे नवे वेल्डिंग मशीन मिळाले असते, पण तांब्याचे जाड वेढे, ढोबळ बटणे, फूट पेडल आणि दिवसभर राबायची धमक असलेले कारखान्यातले मशीन घ्यायचे बरीच वर्षे मनात होते. रंग उडालेला आहे, एका बाजूचा पत्रा चेपला आहे, पुढचे चाक डुगडुगते. हे सगळे फोटोत दिसत होते आणि ते पाहूनच मी पैसे भरले. माझी तक्रार तुमच्या जाहिरातीतल्या दोन शब्दांबद्दल आहे: ‘सिंगल फेज’ आणि ‘तपासलेले’.

पहिला शब्द. खरेदीआधी मी ईमेलने विचारले होते की वर्कशॉपला २३० व्होल्टचे घरगुती कनेक्शन आहे, ४० अँपिअरची एमसीबी आहे, त्यावर हे मशीन चालेल का. तुमचे उत्तर एका ओळीचे होते: “सर, मशीन सिंगल फेजच आहे.” मी निश्चिंत झालो. मशीन आले, चेन ब्लॉक लावून चौघांनी उतरवले, जागेवर बसवले. मग मागच्या बाजूला नेमप्लेट शोधू लागलो तर सापडेना. तुमचा ‘तपासलेले’ हा हिरवा स्टिकर नेमका तिच्यावरच चिकटवलेला होता. तो खरवडून काढल्यावर खालचे आकडे दिसले: एक फेज, ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ, कमाल ५८ अँपिअर.

म्हणजे तुमचे उत्तर खोटे नव्हते. मशीनला दोनच तारा लागतात, या अर्थाने ते सिंगल फेजच आहे. पण त्या दोन तारा थ्री फेज लाइनमधल्या दोन फेजवर जोडायच्या आहेत, फेज आणि न्यूट्रलवर नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये हे सर्रास असते आणि हाच धंदा करणाऱ्याला ते माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. मी विचारले होते व्होल्टबद्दल, तुम्ही उत्तर दिले फेजबद्दल.

यावर तुमच्या तंत्रज्ञांनी फोनवर सुचवले की आतल्या जोडपट्ट्या बदलून मशीन २३० वर घ्या. काही मशीनमध्ये तशी सोय असते, खरे आहे. या मशीनच्या नेमप्लेटवर दुसरे व्होल्टेजच लिहिलेले नाही. आणि क्षणभर धरून चालू की तशी सोय आहे, तरी हिशेब करून पाहा. ४०० व्होल्टला ५८ अँपिअर म्हणजे २३.२ केव्हीए. तेवढेच काम २३० व्होल्टवर करून घ्यायचे तर सुमारे १०० अँपिअर लागतील. माझी एमसीबी ४० ची आहे, हे तुम्हाला ईमेलमध्ये लिहिलेले होते. कमी करंटवर काम भागवा म्हणाल, तर मग ३०० अँपिअरचे धूड घरात कशाला आणले असते?

नेमप्लेटचा फोटो आधीच मागायला हवा होता, ही चूक माझी. पण तो मागितला असता तर तुमच्या स्टिकरचाच फोटो आला असता.

आता दुसरा शब्द. घरी चालत नाही म्हणून हात बांधून बसलो नाही. ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे थ्री फेज लाइन आहे, तिथे मशीन नेले. दोन फेज, नीट अर्थिंग, नवे आर्गॉन सिलिंडर, मिनिटाला १० लिटरचा प्रवाह. आधी डीसीवर स्टेनलेसचा तुकडा घेतला. आर्क एका झटक्यात लागला, फूट पेडलने करंट मऊ वर-खाली झाला, वेल्ड सोनेरी पडले. जे चांगले आहे ते चांगले म्हणायला मी कचरत नाही. त्या दहा मिनिटांत वाटले, विजेचे कसेही जमवू, मशीन ठेवून घेऊ.

मग एसीवर ॲल्युमिनियम घेतले आणि सगळे बिनसले. ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागला. जॉबवर काळी काजळी धरली, वितळलेला धातू सुरकुतलेल्या कातडीखाली नुसता हलत राहिला, फिलर रॉड त्यात मिसळेना. तुमच्या ग्राहक सेवेतून मला विचारले गेले, “डीसीवर चालते ना, मग अडचण काय?” त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला दोन हजारांहून जास्त अंश लागतात. एसीच्या ज्या अर्ध्या भागात टंगस्टन पॉझिटिव्ह असतो त्या भागात हा पापुद्रा फुटून निघतो आणि उरलेल्या अर्ध्यात धातू तापतो. म्हणून ॲल्युमिनियमला एसी. मी एसी-डीसी मशीन घेतले ते याच एका कारणासाठी. नुसत्या डीसीचे काम करायला माझ्याकडे आधीच एक मशीन आहे.

तुमचे पहिले निदान होते की आर्गॉन भेसळीचे असेल. त्याच सिलिंडरवर, त्याच टॉर्चने, दहा मिनिटे आधी स्टेनलेसचे वेल्ड स्वच्छ पडले होते. गॅस खराब असता तर ते आधी काळे पडले असते. दुसरे निदान होते की मला एसीचा सराव नसेल. यावर मी वाद घालत नाही, टंगस्टनलाच साक्षीला काढतो. एसीवर पॉझिटिव्ह भागात टंगस्टन चांगलाच तापतो आणि त्याचे टोक गोलसर होते. इथे १२० अँपिअरवर पाच मिनिटे काम करूनही टोक ग्राइंडरवर घासले होते तसेच सुईसारखे राहिले. तो अर्धा भाग टंगस्टनपर्यंत पोचतच नव्हता. फोटो सोबत आहे. या दोन भागांचे प्रमाण बदलणारे बॅलन्सचे बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, काडीचा फरक नाही.

खात्रीसाठी फॅब्रिकेशनवाल्याने वेल्डिंग केबलला डीसी मोजणारा क्लँप मीटर लावला. बॅलन्स मध्यावर असताना डीसीचा आकडा शून्याच्या जवळपास हवा. मीटरने ६० च्या आसपास दाखवले. सेट केलेल्या १२० च्या निम्मा करंट, तोही एकाच दिशेचा. ट्रान्सफॉर्मर का गुरगुरतो याचेही उत्तर यातच आहे. एकाच दिशेने ओढ पडली की ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व त्यात मावत नाही, आणि लाइनमधून नको इतका करंट खेचतो. आतला एखादा एससीआर (करंट नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेला असेल किंवा त्याला इशारा देणारे सर्किट. नक्की कोणते ते सांगता येत नाही, कारण आत पाहिलेले नाही.

का पाहिले नाही, तेही सांगतो. तुमच्या वॉरंटीच्या कागदावर ठळक अक्षरात आहे की सील तुटले तर वॉरंटी रद्द. आणि तुमच्या ग्राहक सेवेचा चौथा ईमेल म्हणतो, “कृपया आतल्या बोर्डाचे स्पष्ट फोटो पाठवा, त्याशिवाय तक्रार नोंदवता येणार नाही.” पत्रा न काढता बोर्डाचा फोटो कसा काढायचा हे मी लेखी विचारले. त्या ईमेलला अजून उत्तर नाही. आतल्या पट्ट्या बदला म्हणणाऱ्या तंत्रज्ञांनाही या सीलची आठवण झाली नव्हती.

एक बाब मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इलेक्ट्रिशियनने स्विच चालू स्थितीत ठेवून, प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडून, बॉडीशी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन, म्हणजे वीज बॉडीत उतरू न देणारा रोध, मोजले. आकडा आला ०.४ मेगाओहम. वेल्डिंग मशीनसाठीच्या आयईसी ६०९७४ मानकात तो किमान २.५ असावा लागतो, आणि वापरातल्या व दुरुस्त केलेल्या मशीनच्या तपासणीसाठी त्या मानकाचा चौथा भाग वेगळा आहे. गोदामातली धूळ आणि ओल यांनी आकडा खाली येतो, साफ करून वाळवला की सुधारतोही. पण ते करायचे कोणी? ज्याने ‘तपासलेले’ म्हणून विकले त्याने. तुमच्या चाचणीच्या कागदावर इन्सुलेशनचा रकानाच नाही. त्यावर दोनच शब्द आहेत: ‘आर्क ओके’. सोबतचा फोटो स्टेनलेसच्या वेल्डचा. म्हणजे मशीनचा डीसी भाग तपासला आणि विकले अख्खे.

(कूलरमधून गंजाचा गाळ असलेले साधे पाणी निघाले आणि टॉर्चची मूठ दोन मिनिटांत हाताला चटके देऊ लागली. ते मी धुऊन, योग्य कूलंट भरून ठीक केले आहे. त्याबद्दल काही मागत नाही.)

‘जुना माल, जसा आहे तसा’ हे तुमचे शेवटचे उत्तर मला मान्य नाही. हे शब्द जाहिरातीत नव्हते. तिथे होते ‘तपासलेले, वापरास तयार’. दुरुस्त करून देतो असे आता म्हणालात तरी एसीचा दोष जाईल, ४०० व्होल्ट जाणार नाहीत. तेव्हा मशीन तुमच्या खर्चाने न्यावे आणि मी भरलेली पूर्ण रक्कम, आणण्याच्या वाहतूक खर्चासह, पंधरा दिवसांत परत करावी. बदली मशीन किंवा पुढच्या खरेदीत सवलत नको. उचलायला येताना चेन ब्लॉक आणावा, माझा मी मागून आणला होता.

हे लिहीत असताना तुमची जाहिरात पुन्हा उघडून पाहिली. याच मॉडेलचे दुसरे मशीन विकायला आहे, ‘सिंगल फेज, तपासलेले’. फोटो फक्त समोरून आहेत. तिथे व्होल्ट आणि अँपिअर लिहा आणि स्टिकर दुसरीकडे कुठेतरी लावा.

आपला,
एक ग्राहक
(नाव आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर आहेत)

सोबत: पावतीची प्रत, खरेदीआधीचा ईमेल व त्याचे उत्तर, स्टिकरसह आणि स्टिकर काढल्यावर नेमप्लेटचे फोटो, टंगस्टन आणि दोन्ही वेल्डचे फोटो, क्लँप मीटर व मेगरचे फोटो, न फोडलेल्या सीलचा फोटो.