जॅक्सन हाइट्सचं घर

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधल्या घराचे फोटो आणि जाहिरातीतली माहिती आम्ही दोघांनी नीट पाहिली. घर आम्हाला आवडलं. बेडरूम एकच असली तरी प्रशस्त आहे, लाकडी जमीन जुनी पण घट्ट दिसते, आणि स्वयंपाकघराची खिडकी आतल्या बागेकडे उघडते. तुला लवकर उत्तर हवंय हे कळतं, पण हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहायला बसले.

को-ऑपमध्ये, म्हणजे तिकडच्या सहकारी इमारतीत, घर तुझ्या नावावर होणार नाही, हे आधी पक्कं समजून घे. इमारत कंपनीच्या मालकीची असते. तुझ्या हातात येतात तिचे शेअर आणि त्या शेअरांच्या आधारे राहण्याचा करार. म्हणजे तू त्या कंपनीची भागधारकही आणि भाडेकरूही. आपल्या ठाण्याच्या सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तू लहानपणापासून पाहिलंयस, त्यामुळे हे ओळखीचं वाटेल. पण तिकडचा कारभार इथल्यापेक्षा कडक. इथे घर विकताना सोसायटीला जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये प्रीमियम घेता येतो. तिथे अनेक इमारती ‘फ्लिप टॅक्स’ म्हणून किमतीचा काही टक्के भाग कापून घेतात. इथे घर भाड्याने दिलं तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत जास्तीचा आकार भरला की झालं. तिथे काही इमारती आधी काही वर्षं स्वतः राहा म्हणतात, काही भाड्याने देऊच देत नाहीत. उद्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तर घराचं काय करता येईल, हे आत्ताच विचारून ठेव.

सगळ्यात मोठा फरक कर्जाचा. तिथे बहुतेक इमारतींवर कंपनीचं स्वतःचं कर्ज असतं. त्याचे हप्ते, शहराचा मालमत्ता कर, थंडीतलं बॉयलरचं इंधन, सगळं मेंटेनन्समधून जातं. आकडा पाहून तू घाबरलीस, पण मला तो वाजवी वाटतो. फार कमी असता तर मीच थांब म्हटलं असतं. मी इतकी वर्षं आपल्या सोसायटीची खजिनदार आहे. मेंटेनन्स वाढवू नका म्हणून सभेत टाळ्या मिळतात, आणि मग एका पावसाळ्यात गच्ची गळायला लागली की प्रत्येकाकडून एकरकमी पैसे मागावे लागतात. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या दारात ती पावती घेऊन जाणं फार जड जातं गं.

म्हणून हिशेब बघ. कंपनीचं कर्ज किती, ते कधी फिटतं किंवा नव्याने घ्यावं लागणार आहे, आणि कुठल्या दराने? २०२२ मध्ये व्याजदर चढले. जुनं स्वस्त कर्ज संपून महाग कर्ज आलं की मेंटेनन्स उडी मारणारच. राखीव निधी किती? किती जणांची थकबाकी आहे? एखादा भागधारक बुडाला तर त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो. १९२९ नंतरच्या मंदीत न्यूयॉर्कच्या कितीतरी को-ऑप अशाच कोसळल्या. जमीन कंपनीची आहे की भाडेपट्ट्याची, तेही पाहा. शिवाय पंचवीस हजार चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना २०२४ पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादा लागू झाली आहे आणि २०३० पासून ती आणखी कडक होणार आहे. तुझ्या इमारतीचा बॉयलर जुना असेल तर तो खर्च पुढे उभा आहे. हे सगळं सभांच्या इतिवृत्तांत सापडतं. तुझ्या वकिलाला ती वाचायला लाव आणि तू स्वतःही वाच. कुठल्या भिंतीत ओल आहे हे जाहिरातीत नसतं, इतिवृत्तात असतं.

वस्तीबद्दल मला काही शंका नाही. तुझ्याकडे राहिले तेव्हा ७४व्या रस्त्यावर मेथी आणि कढीपत्ता घ्यायचे, ७३व्यावर बांगलादेशी मिठाईवाले, आणि रूझवेल्ट अव्हेन्यूवर आलं की डोक्यावरच्या पुलावरून ७ नंबरची मेट्रो खडखडत जायची. खाली कोलंबियाची बेकरी, तिला लागून नेपाळी मोमोवाला. ३४ वा अव्हेन्यू २०२० पासून दिवसभर गाड्यांना बंद असतो, तिथे संध्याकाळी पोरं सायकली चालवायची आणि त्यांच्या आज्या बाकांवर बसून आपापल्या भाषेत गप्पा मारायच्या. मीही बसायचे. ई किंवा एफ मेट्रो पकडली की तुझं ऑफिस जवळ, हा फायदा वेगळाच. लाग्वार्डिया विमानतळाच्या विमानांचा आवाज मात्र खिडक्या उघड्या ठेवून ऐकून ये.

आता जे मनात खोल आहे ते. त्या इमारती बांधल्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या बांधकाम कंपनीने. १९०९ मध्ये मॅनहॅटनला जोडणारा पूल झाला, १९१७ मध्ये रेल्वे आली आणि मोकळ्या शेतांवर बागेभोवतीच्या या देखण्या इमारती उठल्या. शेअर देऊन घरं विकायची पद्धत त्यांनी तिथे रुजवली, आणि कोणाला विकायची नाहीत तेही ठरवलं. ज्यू नकोत, काळे लोक नकोत. आपल्यासारख्यांचा तर प्रश्नच नव्हता. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर जगभरची माणसं आली आणि आज तिथे एवढ्या भाषा कानावर पडतात.

आपण तरी कुठे वेगळे होतो? गावदेवीची १९१५ ची सारस्वतांची सोसायटी ही आपल्याकडची पहिली सहकारी वसाहत मानतात, आणि ती एका ज्ञातीचीच होती. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या सोसायटीचा फक्त पारशांना सभासद करण्याचा नियम वैध ठरवला. मुंबईत मासे खाता म्हणून घर नाकारलेली माणसं आपल्या नात्यात आहेत.

म्हणून खरेदीदाराला पारखणाऱ्या इमारतीच्या बोर्डाच्या, म्हणजे संचालक मंडळाच्या, मुलाखतीला तू ताठ मानेने जा. वंश, धर्म, देश यांवरून नाकारणं तिथे बेकायदा आहे, पण कारण न सांगता नाही म्हणायची रीत जुनी आहे, त्यामुळे कागदात फट ठेवू नकोस. पगाराचे, बँकेचे, कराचे सगळे कागद लावून दे. घर घेतल्यावरही वर्षभराचे हप्ते आणि मेंटेनन्स भागेल एवढी शिल्लक दाखव. आणि वर्षा-दोन वर्षांनी तू स्वतः बोर्डावर उभी राहा. हिशेब कळणारी आणि दारात आलेल्या माणसाचं ऐकून घेणारी माणसं तिथे हवीत. तुला दोन्ही जमेल, याबद्दल मला खात्री आहे.

पैशांचं म्हणशील तर बाबांनी ठेवी मोडायचं मनावर घेतलंय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आपलं त्याच्या आसपासही जाणार नाही. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक कर आगाऊ घेते, तो विवरणपत्रात वळता होतो. रक्कम भेट आहे, कर्ज नाही, असं पत्र बोर्ड मागेल. ते आम्ही सही करून पाठवू.

गेल्या दोन-तीन वर्षांचे ताळेबंद आणि इतिवृत्तं मागवलीस की लगेच मला मेल कर. मी पेन्सिल घेऊन बसेन, आणि वाचून होईपर्यंत सही करू नकोस.

तुझी,
आई