त्सुशिमाचे खलाशी भेकड नव्हते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत रशिया-जपान युद्धावर आलेला लेख वाचला. जपानचे अ‍ॅडमिरल तोगो यांच्या डावपेचांचे वर्णन चांगले उतरले आहे. पण त्सुशिमाच्या आरमारी लढाईत हरलेल्या रशियन बाजूच्या माणसांना लेखकाने एका ओळीत ‘दारूत बुडालेले भेकड खलाशी’ म्हटले आहे. त्या शब्दांनी मला दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

मी जहाजांच्या इंजिन रूममध्ये 31 वर्षे काढली. माझे आजोबा विलायती आगबोटीवर आगवाला होते, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत फावड्याने कोळसा मारणारे. आमच्या रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतले पुरुष असे आगवाले, तेलवाले, कोळसेवाले म्हणून गेले. आजोबांच्या हाताची बोटे म्हातारपणी पूर्ण मिटत नसत. आजी त्यांना भात कालवून द्यायची. त्सुशिमाची हकीकत मी वाचतो ती या बोटांच्या बाजूने.

रशियाचे बाल्टिक आरमार 15 ऑक्टोबर 1904 रोजी लिबाऊ बंदरातून निघाले आणि 27 मे 1905 ला त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत पोहोचले. सुमारे 18,000 सागरी मैल. वाटेत रशियाचे स्वतःचे एकही बंदर नाही. इंग्रज जपानचे दोस्त, त्यामुळे त्यांची बंदरे बंद. एका जर्मन कंपनीच्या बोटी कोळसा आणून देत, तो बहुतेक वेळा उघड्या समुद्रात किंवा आडबाजूच्या खाडीत चढवावा लागे. पुढचा कोळसा कधी मिळेल याची खात्री नाही, म्हणून आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल रोझेस्तवेन्स्की यांचा हुकूम असे की मिळेल तितका भरा. कोळशाची कोठारे भरली की डेकवर, मग केबिनमध्ये, जेवणाच्या जागेत. नाकातोंडात कोळशाची भुकटी, वर विषुववृत्ताचे ऊन, आणि पोती वाहणारे बहुतेक जण शेतावरून उचलून आणलेले शेतकऱ्यांचे मुलगे. मादागास्करहून निघाल्यावर मलाक्कापर्यंत अख्खा हिंदी महासागर त्यांनी एकाही बंदराला न लागता ओलांडला. वाफेच्या जहाजांचा एवढा मोठा ताफा असा नेणे म्हणजे काय, हे ज्याने इंजिन रूममध्ये पाळी केली आहे त्याला विचारावे.

चुका झाल्या नाहीत असे मी म्हणत नाही. उत्तर समुद्रात त्यांनी इंग्रज मच्छीमारांच्या बोटींना जपानी टॉर्पेडो बोटी समजून गोळीबार केला, निरपराध माणसे मेली. तो डाग आहेच.

मादागास्करच्या नोसी बे बेटापाशी आरमार दोन महिन्यांहून अधिक अडकून पडले होते. चीनच्या किनाऱ्यावरच्या ज्या पोर्ट आर्थर या रशियन नाविक तळाच्या सुटकेसाठी निघाले तो 2 जानेवारी 1905 लाच जपान्यांच्या हाती पडल्याची बातमी त्यांना तिथे कळली. आणि तिथेच दुसरी बातमी आली. 22 जानेवारीच्या रविवारी सेंट पीटर्सबर्गमध्ये पाद्री गापोन यांच्या मागून झारकडे अर्ज घेऊन निघालेल्या कामगारांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. (तेव्हाचे रशियन पंचांग 13 दिवस मागे, म्हणून पुष्कळ पुस्तकांत ही तारीख 9 जानेवारी दिसते.) झारसाठी मरायला निघालेल्या खलाशाला झारच्या शिपायांनी आपल्याच गावभावांना मारल्याचे कळते, आणि तरी त्याला पुढचे 6,000 मैल कोळसा मारायचा आहे. लेखकाने हा प्रसंग सोडूनच दिला आहे.

लढाईच्या दिवशी रशियन जहाजे इतकी जड झाली होती की त्यांचा मुख्य चिलखती पट्टा पाण्याखाली गेला होता. ताफ्याचा वेग 9 नॉट, म्हणजे तासाला 9 सागरी मैल, जपान्यांचा 15. ‘इम्पेराटर अलेक्झांडर तिसरा’ या युद्धनौकेवरचा एकही माणूस वाचला नाही. ‘बोरोदिनो’वर साडेआठशेच्या आसपास माणसे होती, त्यांतला एक वाचला. जहाज कलंडले की सर्वांत खाली बॉयलरपाशी असलेल्यांना वर येता येत नाही. चार हजारांहून अधिक रशियन मेले, जपान्यांचे 117. ताफ्याचे अभियंता पोलितोव्स्की ‘सुवोरोव’ या प्रमुख जहाजाबरोबर बुडाले. सबंध प्रवासात ते बायकोला पत्रे लिहीत होते. ती पुढे छापली गेली. ती वाचताना मला माझ्या प्रत्येक बिघडलेल्या पंपाची आठवण होते.

‘भेकड’ हा शब्द लेखकाला बहुधा दुसऱ्या दिवशीच्या शरणागतीवरून सुचला असावा. अ‍ॅडमिरल नेबोगातोव यांची जुनी जहाजे घेरली गेली होती, त्यांच्या तोफा शत्रूपर्यंत पोहोचत नव्हत्या. त्यांनी उरलेल्या माणसांचे जीव वाचवले. झारच्या कोर्टाने त्यांना फाशीची शिक्षा फर्मावली, ती पुढे 10 वर्षांच्या कैदेवर आली.

त्सुशिमानंतर बरोबर एका महिन्याने, 27 जूनला, काळ्या समुद्रात ‘पोतेमकिन’ या रशियन युद्धनौकेवर खलाशांचे बंड झाले. लेखात त्याची बोळवण ‘मटणावरून भांडण’ अशी केली आहे. मांसात अळ्या वळवळत होत्या हे खरे. जहाजाच्या डॉक्टरने व्हिनेगरने धुऊन ते चालेल म्हणून सांगितले होते. पण वाकुलेनचुक या खलाशाला अधिकाऱ्याने गोळी घातली आणि त्याचे प्रेत ओडेसाच्या धक्क्यावर ठेवले, तेव्हा हजारो शहरवासी त्याच्या दर्शनाला आले. मटणाच्या भांडणासाठी कोणी असे येत नाही. त्सुशिमाला बुडालेले आणि हे बंडखोर एकाच घरांतले होते. बंडाचा नेता मात्युशेन्को दोन वर्षांनी फासावर गेला.

1979 साली आमचे जहाज लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, लागले होते, तेव्हा मी तिथे जतन केलेली ‘अरोरा’ ही जुनी युद्धनौका पाहिली. गाईड 1917 च्या क्रांतीत तिने डागलेल्या तोफेबद्दलच बोलत होती. हे जहाज त्सुशिमाला लढले होते, कप्तान येगोर्येव तिथे पडले. त्यांच्या तसबिरीची चौकट त्याच जहाजाच्या जळक्या फळीची आहे. मी तिच्यापाशी बराच वेळ उभा राहिलो आणि मला आजोबांचे हात आठवले.

जपानचा जय तेव्हा आपल्याकडे साजरा झाला, ते गुलामीतल्या माणसांसाठी स्वाभाविक होते. त्याच जयाने पाच वर्षांत कोरिया गिळला, तेही लेखात हवे होते. पण माझा आग्रह तेवढ्यासाठी नाही. ‘भेकड’ हा एक शब्द आपण पुढच्या पुरवणीत मागे घ्यावा, एवढीच कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर, गुहागर