मेग्रेची संथ चाल

महोदय,
रोवन अ‍ॅटकिन्सन म्हटले की आपल्याकडे घराघरांत 'मिस्टर बीन' आठवतो. त्यामुळे २०१६-१७ मध्ये त्यांनी ब्रिटिश वाहिनीसाठी साकारलेला पॅरिसचा पोलीस इन्स्पेक्टर मेग्रे अनेकांनी पाहिलाच नसावा, याची हळहळ वाटते. चारच भाग निघाले. पॅरिस म्हणून दिसते ते बुडापेस्ट, तरी पन्नाशीच्या दशकातील ओले रस्ते आणि धुरकट कॅफे मनात उतरतात. अ‍ॅटकिन्सन यांचा चेहरा इतका गप्प राहू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

मेग्रेचे जनक जॉर्ज सिमेनॉन मूळचे बेल्जियममधील लिएजचे, लेखन फ्रेंचमध्ये. १९३१ पासून त्यांनी मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या लिहिल्या. मेग्रे भिंगातून राखेचे कण शोधत नाही. पाइप ओढत तो मृताच्या घरी बसतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलतो, त्या माणसाचे जगणे अंगात मुरू देतो. गुन्हेगार सापडल्यावर त्याला आनंद कमी, कणव अधिक वाटते. म्हणूनच ही संथ चाल मला प्रिय आहे. पडद्यावर ती सर्वांत नेमकी पकडली ती ब्रुनो क्रेमेर यांनी, १९९१ ते २००५ या काळातील ५४ फ्रेंच भागांत.

आपल्या वाहिन्यांनी हे भाग मराठी उपशीर्षकांसह दाखवावेत, ही कळकळीची विनंती. घरी जेवण वाढून वाट पाहणाऱ्या मादाम मेग्रे मराठी प्रेक्षकांना पहिल्याच भागात ओळखीच्या वाटतील.

– एक वाचक, पुणे