आठ फोटो छापून प्रायमरी कळत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीत २०२८ च्या अमेरिकेतल्या निवडणुकीचे 'दावेदार' म्हणून तुम्ही आठ फोटो छापलेत, प्रत्येकाखाली देशभरच्या पोलमधले टक्के. काल दिवसभर डोक्यातून जाईना म्हणून आज लिहायला बसले. न्यूसम, व्हान्स, कमला हॅरिस सगळे एकाच रांगेत. अहो, व्हान्स रिपब्लिकन आणि न्यूसम डेमोक्रॅट, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, ते एकमेकांसमोर येतच नाहीत! दोन पक्षांच्या दोन वेगळ्या लढती, त्यांचे टक्के एका तक्त्यात बसवून वाचकाला काय कळणार?

मी हे ऐकीव सांगत नाहीये. माझी लेक आयोवात, डे मॉइनजवळ राहते. २०१९ मध्ये तिला तिकडचं नागरिकत्व मिळालं आणि २०२० चं डेमोक्रॅटांचं कॉकस (प्रायमरीऐवजी सभेत जमून उमेदवार निवडतात ते) म्हणजे तिचं तिथलं पहिलं मत. ती कमला हॅरिसच्या बाजूची होती. मायामीतल्या डिबेटनंतर तुम्ही त्यांच्यावर अर्धं पान केलं होतंत, जणू उमेदवारी मिळाल्यातच जमा, आणि मी त्याचा फोटो काढून लेकीला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. ३ डिसेंबर २०१९ ला त्या शर्यतीतून बाहेर पडल्या, एकही मत पडायच्या आधी, आणि ती बातमी तुमच्याकडे आतल्या पानावर चार ओळी. लेक त्या दिवशी फोनवर रडली होती.

जानेवारीत मी तिच्याकडे गेले, म्हणून ३ फेब्रुवारीचं कॉकस मला बघायला मिळालं. शाळेचा जिम, संध्याकाळी सात. मतपेटी नाही, आडोसा नाही, ज्याला मत द्यायचं त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं, शेजारीण कुणाकडे गेली ते शेजारणीला दिसतं. मी आणि नऊ वर्षांचा नातू पाहुण्यांच्या बाकावर. खोलीत २१२ माणसं, नियम १५ टक्क्यांचा, म्हणजे गट टिकायला ३२ डोकी हवीत. कमला हॅरिस नाहीत म्हणून लेक बायडनच्या कोपऱ्यात गेली होती. नातवानं बोटानं मोजले, २७. पाच कमी.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. ज्या दुसऱ्या उमेदवारांचे गट टिकले त्यांची माणसं या २७ जणांवर अक्षरशः तुटून पडली, एक वॉरनवाला विद्यार्थी, बुटिजेजचा बॅज लावलेले नवराबायको, आणि लेकीच्याच गल्लीतल्या एक आजी, त्या क्लोबुशारच्या, त्यांनी तिचा हात धरला आणि प्रेमानं पण अजिबात न सोडता समजावत राहिल्या. दहा मिनिटं लेक मध्येच उभी, माझ्याकडे बघतेय, मी काय सांगणार? शेवटी गेली आजींबरोबर. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. आणि एवढं करून त्या रात्री निकालच लागला नाही, पक्षाचं नवीन ॲप कोसळलं, आम्ही रात्री बारापर्यंत टीव्हीसमोर बसून होतो.

बायडन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. मी नाशिकला सगळ्यांना कळवून टाकलं की ते संपले, तुमच्या पेपरातही तेच होतं. मग २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडनना पाठिंबा दिला. तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांत क्लायबर्न यांच्या शब्दाला केवढं वजन ते २९ तारखेच्या प्रायमरीत दिसलं, ५४ पैकी ३९ डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) बायडनना, उरलेले १५ सँडर्सना आणि बाकी सगळ्यांना शून्य, कारण तोच १५ टक्क्यांचा नियम. दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार दोघंही बाहेर पडले आणि दोघांनी बायडनना पाठिंबा दिला. ज्या क्लोबुशारसाठी माझ्या लेकीला बायडनच्या कोपऱ्यातून नेलं त्या स्वतःच महिन्याभरात बायडनकडे! ३ मार्चला मतदान झालेल्या १४ पैकी १० राज्यं बायडनची. हे सगळं कुठल्या देशव्यापी टक्केवारीत दिसत होतं, सांगा.

रिपब्लिकनांचा हिशोब पुन्हा वेगळा. २०१६ ला त्याच साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं आणि डेलिगेट मात्र ५० पैकी ५०. २००७ मध्ये जुलियानी महिनोन् महिने देशभरच्या पोलमध्ये पुढे होते, सगळी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, तिथे तिसरे आले आणि खेळ खलास.

पण तुमच्या पानात राज्यांचा क्रम नाही, १५ टक्के नाहीत, डेलिगेट हा शब्दसुद्धा नाही. आहे काय, तर 'भारतीय वंशाचे' अशी वेगळी चौकट. २०२४ ला रामस्वामींवरही अशाच चौकटी होत्या, ते आयोवात आठ टक्क्यांच्या आत, चौथे, आणि त्याच रात्री बाहेर. आपलं माणूस दिसलं की मलाही आनंद होतो हो, पण तेवढ्यावर पान भरू नका.

तो नातू आता मोठा झालाय, २०२८ ला मतदार होईल. तिकडे नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतराव्या वर्षीही कॉकसला जाता येतं. डेमोक्रॅट पक्षानं २०२४ ला आयोवाचा मतदानाच्या क्रमातला पहिला नंबर काढून साउथ कॅरोलायनाला दिला ते त्याच्या मनाला फार लागलंय. रविवारी तुमचं पान मी त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्यानं एकच विचारलं, आजी, आमचा नंबर परत पहिला लागणार का ते लिहिलंय का त्यात? मी पान उलटून पालटून बघितलं. नव्हतं.

आपली १९८७ पासूनची वाचक,
नाशिक

ता.क. गावाचं नाव डे मॉइन आहे, 'डेस मोइनेस' नाही. आणि बुटिजेज हे नाव एका पानावर तीन प्रकारे छापलंय, तिन्ही चूक. पूर्वी तुमच्याकडे प्रूफ बघणारी माणसं होती, ती परत आणा.