कालियारीचा मेंढा

कालियारी, रविवार

प्रिय शुभा,

तुझं पत्र निघायच्या दिवशीच हातात पडलं, म्हणून उत्तर इथून. इटलीच्या या सार्डिनिया बेटावर येऊन समुद्र सोडला आणि कालची अख्खी दुपार संग्रहालयातल्या एका कपाटापुढे काढली. हसू नकोस. आत काचेची पदकं होती. डोळे वटारलेले दाढीवाले बाप्ये, एक कोंबडा, आणि एक मेंढा. नुसतं मुंडकं, मोठ्या बोराएवढं. तोंड पांढरं, निळी शिंगं कानांभोवती वळलेली, डोक्यावर दोरा ओवायला कडी.

ही प्यूनिक, म्हणजे कार्थेजवाल्यांची घडण, इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातली. कार्थेज पलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिसला लागून. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी ते जाळलं.

तू कासाराच्या घरातली, म्हणून कृती सांगते. काच फुंकायची विद्या तेव्हा कुणालाच नव्हती, ती इ.स.पू. पहिल्या शतकातली. हे लोक सळईच्या टोकाला आधी लेप द्यायचे, नाहीतर काच धरून बसते. त्यावर वितळलेली काच गुंडाळायची आणि ती मऊ आहे तोवर दुसऱ्या रंगांचे धागे, ठिपके चढवायचे. धाग्याचं शिंग, ठिपक्यावर ठिपका ठेवून डोळा. निवल्यावर सळई काढून घ्यायची, म्हणून मेंढा आतून पोकळ. चुकलं तर पुसायची सोय नाही. याचा डावा डोळा जरा ओघळलाय, त्यामुळे सगळा वेळ तो माझ्याकडे संशयानं बघत होता.

डोळे एवढाले का, तर वाईट नजर परतवायला, असं अभ्यासक मानतात. मेंढ्याचा संबंध बाल हम्मोन या त्यांच्या मोठ्या देवाशीही लावतात. मला तर तो सरळ दृष्टमणी वाटला. पण आपण दृष्टमणी बाळाच्या मनगटाला बांधतो, आणि ही पदकं पुष्कळदा कबरींतून निघालीत. मेलेल्याला कुणाची दृष्ट लागणार गं?

त्याचं उजवं शिंग वाढलंय. आधी 'फुटलंय' लिहिलं होतं, मग काकू आठवल्या आणि खोडलं!

फोटो सोबत आहे, काकूंना दाखव. त्यांनी फिरोजाबादला भट्टीवर काच ओढताना पाहिलीय ना? विचार त्यांना, शिंगाचा धागा आधीच ओढून ठेवलेला असेल की तिथल्या तिथे ओढला असेल? मी दुपारभर दोन्ही बाजूंनी भांडले, एकटीच.

तुझी,
मीना